उलट्या पाण्यात धुतलेली फडकी

रंगाऱ्याच्या घरात पोरीच्या लग्नाची फडकी विकत आणत नाहीत. बाकी सगळं बाजारातून आलं तरी चालतं, फडकी मात्र बापाच्या हातचीच लागते. ज्यांना फडकी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: साडीवरून डोक्यावर घ्यायचं मोठं छापील कापड, आमच्या खान्देशात शुभकार्याला बायका घेतात. नवरी मांडवात येते ती फडकीखाली, आणि ती तिच्या डोक्यावर घालायचा मान आमच्या घरात आत्याचा.

ज्या वर्षी सुरतेत प्लेग आला, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आमच्या लिंबायतच्या चाळीत साल सांगायची तीच पद्धत आहे.

माझे बाबा, भाईदास रंगारी, तेव्हा पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये रंगखात्यात होते. तिथं साड्या मैलांच्या हिशेबात छापून निघायच्या. बाबांचं काम पिंपात रंग घोटायचं. संध्याकाळी ते बसमधून उतरले की हातांवरून कळायचं, आज मिलमध्ये कोणता रंग चालू होता. चाळीतली पोरं त्यावर पैजा लावायची, आणि बाबा मुद्दाम हात खिशात घालून यायचे.

त्यांचा खरा धंदा फडकी छापायचा. तो वर तापीकाठी, आमच्या गावाला. मी पाळण्यात होते तेव्हा तिथं सगळीकडे नायलॉनच्या साड्या आल्या आणि फडकीचं गिऱ्हाईक आटलं. आजोबा गेल्यावर बाबांनी ठसे ट्रंकेत भरले आणि भुसावळ-सुरत पॅसेंजर धरली. ती ट्रंक आमच्या खाटेखाली होती. आई दर दिवाळीला ती बाहेर ओढायची, पुसायची, शिव्या घालायची आणि परत आत ढकलायची.

लग्न ठरलं तसं बाबांनी ट्रंक स्वतः बाहेर काढली. आई, म्हणजे धुरपदाबाई, लगेच सुरू झाली. सगळी सुरत कापड विकते आहे, लोक लांबून लांबून इथं लग्नाचा बस्ता बांधायला येतात, आणि आमचे हे घरात कापड शिजवत बसणार. बाबांनी ठशांवरची धूळ फुंकली, ती नेमकी तिच्या तोंडावर गेली, आणि वाद तिथंच मिटला.

मला स्वतःला फडकीचं काडीइतकं कौतुक नव्हतं. मी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. मला हवी होती जॉर्जेटची ओढणी, जरीच्या काठाची. शेजारच्या गुजराती मैत्रिणींना मी सांगूनही टाकलं होतं की माझे बाबा मला हिरड्याच्या वासाचं काहीतरी घालून सासरी धाडणार आहेत.

पण माझ्या मनात खरी भीती वेगळीच होती. ती ओढणीची नव्हती आणि फडकीचीही नव्हती.

गोपालला मी एकदाच पाहिलं होतं, पोह्यांच्या बशीआडून. त्याचं गाव आमच्या गावाच्या अलीकडे, तापीकाठीच. सायकलचं दुकान, घरी आई, थोडी शेती. बोलायला बरा वाटला. पण पार्वतीआत्याचा नवरा तरी कोणाला वाईट वाटला होता?

पार्वतीआत्या बाबांची धाकटी बहीण. तिची हकीकत आईनं मला त्याच दिवसांत, हिरडा कुटता कुटता सांगितली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आत्या नदीकाठानं चालत चालत एकटी माहेरी आली होती. पाठीवर वळ होते. बाबांनीच दार उघडलं, पाणी दिलं, आणि आजोबांच्या सांगण्यावरून दिवस मावळायच्या आत तिला परत सासरी नेऊन सोडलं. रस्ताभर दोघं एक शब्द बोलले नाहीत म्हणे. त्यानंतर आत्या माहेरी कधी मुक्कामाला राहिली नाही. लग्नाला येते, तेराव्याला येते, आणि त्याच दिवशी जाते. वळांचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. आई सांगत होती आणि मुसळ जरा जास्तच जोरात पडत होतं.

 हे ऐकल्यापासून मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. तिथं माझं नाही जमलं, तर हे दार मला उघडेल की बाबा मलाही पाणी पाजून परत पोहोचवतील?

छपाईच्या दिवशी मी ते विचारलं. बाबांनी रजा टाकली होती. कापड हिरड्याच्या पाण्यातून काढून, वाळून, पिवळट झालं होतं. त्यावर ते तुरटीच्या खळीनं ठसे मारत होते. तुरटी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून खळीत थोडा गेरू घालायचा, म्हणजे हाताला कळतं कुठं छापलं आणि कुठं राहिलं. नदीत धुतलं की गेरू निघून जातो आणि कापड पुन्हा कोरं दिसतं. मग आलाच्या, म्हणजे आल नावाच्या झाडाच्या मुळीच्या, रंगात उकळायचं. जिथं तुरटी बसली असेल तेवढंच तांबडं होतं, बाकीचं बदामी राहतं. बाबा हे सगळं मला समजावून सांगत होते, आणि इतके खुशीत होते की मला त्यांच्याकडे बघतच राहावंसं वाटलं. माझ्या बापाला मी असं कधी पाहिलं नव्हतं. मिलमधून यायचा तो माणूस निराळाच होता.

तेवढ्यात माझ्या तोंडून गेलंच. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, तीच आली.

"बाबा, माले तठे नही जमनं ते?"

ठसा कापडावर टेकलेला होता. बाबांनी त्यावर मूठ मारली, ती जरा तिरकी बसली. बुट्टा किंचित हलला. त्यांनी तो अंगठ्यानं सारखा केला आणि म्हणाले, शुभ बोल. एवढंच. पुढची ओळ त्यांनी पुरी केली. मी उठून चहा ठेवला आणि चुलीशी थोडी रडले. धुराचं निमित्त सांगायला चूल बरी पडते.

खळ चांगली वाळायला हवी, म्हणून कापड काही दिवस दोरीवर राहिलं. मग नदीवर जायचा दिवस आला. तिथंच सगळं बिघडलं.

आमच्या धंद्यात हे धुणं फार महत्त्वाचं. ठशाच्या आजूबाजूला सांडलेली, न बसलेली तुरटी वाहून गेली पाहिजे. साचलेल्या पाण्यात धुतलं तर तीच तुरटी फिरून कापडावर कुठंही बसते आणि उकळल्यावर डाग होऊन दिसते. म्हणून गावाकडे फडकीचं एक टोक खुंट्याला बांधून ती धारेत सोडून द्यायचे. पुढचं तापी बघायची. रंगारी तोवर काठावर बसून भाकर खायचा. चाळीच्या नळाखाली हे काम होणार नव्हतं, हे बाबांना पक्कं माहीत होतं. आणि नदी तर इथंही तापीच होती.

आम्ही दोघं पहाटेच्या बसनं चौकबाजारापलीकडच्या एका ओवाऱ्यावर गेलो. घाटाला इथं ओवारा म्हणतात. सुरतेत इतकी वर्षं काढून बाबा नदीवर फक्त कानबाई देवीच्या विसर्जनाला आले होते, तेही पावसाळ्यात, पाणी तुडुंब असताना. लिंबायत ते पलसाणा एवढीच त्यांची सुरत. तरी पाण्याजवळ गेल्या गेल्या त्यांनी चप्पल काढली, ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. कोणीतरी ओळखीचं माणूस परमुलखात भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यांनी खुंटा ठोकला, फडकी बांधली, धारेत सोडली. गेरूची तांबूस रेघ खालच्या अंगाला वाहत गेली. बाबा समाधानानं पायरीवर येऊन बसले. आईनं दिलेली भाकर आणि तिखट मिरचीचा ठेचा होता. बाबा जेवता जेवता गावच्या गोष्टी सांगत राहिले. कोणाच्या लग्नात कोणती फडकी, कोणी कौतुक केलं, कोणी नावं ठेवली. मधे एकदा माझं लक्ष गेलं. मी म्हटलं, बाबा, तुमची फडकी तोंड फिरवून बसली आहे. ते म्हणाले, भोवरा असेल, नदी वळते तिथं होतं असं. त्यांनी जाऊन ती दोन हातांनी पाण्यात चांगली झटकली, पिळली, आणि आम्ही घरी आलो.

उकळायच्या दिवशी अर्धी चाळ मागच्या अंगणात जमली होती. तांब्याचा हंडा, खाली लाकडं, आत आलाचा रंग आणि धायटीची फुलं. बाबा काठीनं कापड वरखाली करत होते. आधी काही नव्हतं, मग हळूहळू बुट्टे उमटायला लागले. कुयऱ्या, वेल, काठावरचे मोर. रिकाम्या कापडातून तांबडं वर येताना पाहिलं आणि माझी जॉर्जेटची ओढणी मी तिथल्या तिथं विसरले. मला ही फडकी हवी होती, आणि ती मला फार हवी होती.

मग बाबांनी कापड काठीवर उचलून पूर्ण उलगडलं. खुंट्याजवळची अर्धी फडकी स्वच्छ निघाली होती. उरलेल्या अर्ध्या भागात बदामी जमीन कुठंच नव्हती. सगळीकडे तांबूस ढग पसरले होते. बुट्टे त्यांच्यात बुडाले होते, एका मोराची तर मानच गेली होती.

बाबांना वाटलं, अजून उकळलं तर जाईल. ते काठी फिरवत राहिले. जमलेल्या बायका एकेक करून निघून गेल्या. आई, जिनं एवढे दिवस या फडकीवरून घर डोक्यावर घेतलं होतं, तिनं विस्तव ओढला आणि बाबांच्या हातातली काठी काढून घेतली. तेव्हा मला कळलं की गोष्ट गंभीर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कोणाला न सांगता निघाले. मी मागोमाग गेले. ते त्याच ओवाऱ्यावर जाऊन उभे राहिले होते. खालच्या पायरीवर एक धोबीण मासी कपडे न धुता नुसती बसली होती. तिनं आम्हाला ओळखलं. त्या दिवशी तिनं बाबांना लांबून पाहिलं होतं, तिला वाटलं होतं घरचं कापड असेल.

"काका, भरतीमां केम धोयुं?" ती म्हणाली. "अमे तो ओटमां ज धोईए."

बाबांना काही समजलं नाही. मी समजावलं. हजीऱ्याला समुद्र आहे, भरती आली की ते पाणी नदीत शिरतं आणि इथवर येतं, पार शहर ओलांडून वर जातं. मग नदी आधी थबकते आणि नंतर उलटी वाहते. ओट म्हणजे ओहोटी, ती लागली की पुन्हा सरळ होते. सुरतेतल्या पोरासोरांना हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, पण तुरटीशी त्याचा काही संबंध असेल हे कशाला सुचतं? तुरटीचं बाबांना ठाऊक, भरतीचं मला, आणि दोघं एकाच पायरीवर बसून ठेचा खात होतो.

बाबा पाण्याकडे बघत होते. भरतीचीच वेळ होती. कोणीतरी सोडलेला झेंडूचा हार आमच्या समोरून पूर्वेकडे, वरच्या अंगाला निघाला होता. सावकाश, अगदी ठरवल्यासारखा.

"हाई तापीच शे ना?" बाबांनी मासीला विचारलं.

"तापी ज छे, बीजुं शुं," मासी म्हणाली.

बाबा पायरीवर बसले. सबंध जन्म ज्या नदीच्या भरवशावर कापड सोडून भाकर खाल्ली, ती अशी वागते हे त्यांना झेपत नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले. ते म्हणाले की त्या दिवशी फडकीचं तोंड मुलुखाकडे, वरच्या अंगाला होतं, आणि आपण ते पाहूनही पाहिलं नाही. मला त्यांची इतकी माया आली की काय करावं सुचेना. मी त्यांच्या हाताचा अंगठा धरला, लहानपणी धरायची तसा, आणि आम्ही तो हार दिसेनासा होईपर्यंत बसलो.

नवी फडकी करायला वेळ नव्हता. एकट्या खळीलाच वाळायला किती दिवस लागतात, आणि लग्न तर परवावर आलेलं. घरी आल्यावर बाबांनी आपली फडकी घडी करून ट्रंकेत अगदी तळाशी ठेवली, वर ठसे ठेवले आणि आईला म्हणाले की बाजारातून चांगलीशी आण. आई आणि मी उधन्याला एका खान्देशी दुकानातून मिलची फडकी घेऊन आलो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, एकसारखे बुट्टे, कुठं बोट ठेवायला जागा नाही. मला ती बघवेना.

लग्नाच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं पार्वतीआत्या आली. मी तिला फार थोड्या वेळा पाहिलं होतं. उंच, वाळकी, बोलणं हळू. आल्या आल्या तिनं पाणी प्यायच्या आधी विचारलं की संध्याकाळी वऱ्हाडाची गाडी कोणत्या रस्त्यानं जाणार. तिचं गाव वाटेवरच होतं. मला माझ्या फाट्यावर उतरवा, एवढंच तिचं म्हणणं. बाबा तिच्याशी बोलले ते मांडवाचं आणि पाण्याच्या टाकीचं. बहीणभाऊ समोरासमोर असले की दोघंही असंच काहीतरी शोधून काढायचे.

मला तयार केलं. बायका जमल्या. गोपालची आई सुभद्राबाई आणि तिकडच्या दोघीतिघी आल्या. आईनं ताटात मिलची फडकी आणून आत्यापुढे धरली. आत्यानं पिशवीवरूनच हात फिरवला आणि विचारलं की भाऊची फडकी कुठं आहे. आई म्हणाली, बिघडली. आत्या म्हणाली, दाखव तरी. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी ट्रंकेकडे पाहिलं. शेवटी ती काढावीच लागली.

आत्यानं फडकी दारातल्या उजेडात उलगडली.  तिनं स्वच्छ अर्ध्यावरून बोटं फिरवली, मग ढगांवरून. तेवढ्यात बाबा कशासाठी तरी दाराशी आले आणि थबकले.

"ती राहू दे, पार्वती," ते म्हणाले. "पोरीच्या डोक्यावर डाग नको."

आत्यानं मान वर केली. तिचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला.

"मन्ही फडकीवर एक बी डाग नव्हता, भाऊ."

 बाबांनी चौकट धरली. एवढ्या वर्षांत त्या दिवसाबद्दल आत्या पहिल्यांदा बोलली होती, आणि तेही इतकंच. तिच्या लग्नाची फडकी बाबांनीच छापली होती, आजोबांच्या हाताखाली. सगळ्या पंचक्रोशीत तिचं नाव झालं होतं म्हणे. खोलीतल्या किती जणींना काय समजलं मला सांगता येणार नाही. बाबांना सगळं समजलं होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

आत्यानं ती फडकी माझ्या डोक्यावर घातली. ढगांची बाजू पुढे, चेहऱ्याशी. तिच्या हाताला चुलीचा वास येत होता. तिनं काठ सारखा केला आणि माझ्या गालावर तळवा ठेवून थोडा वेळ तसाच राहू दिला. त्या क्षणी मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी मारली. साडीच्या निऱ्या विस्कटल्या, आई ओरडली, ती ओरडली म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं.

सुभद्राबाईंबरोबरची एक बाई कुजबुजली की रंगाऱ्याच्या घरची फडकी अशी कशी. बाबा अजून दारातच होते. ते म्हणाले की मीच केली, उलट्या पाण्यात धुतली, माझी चूक आहे.  सुभद्राबाईंनी एक टोक चिमटीत घेतलं, जिभेवर बोट ओलं करून घासून पाहिलं आणि म्हणाल्या की रंग पक्का आहे. मला माझी सासू तिथं पहिल्यांदा आवडली.

लग्न लागलं. जेवणं झाली. एका मुलानं जिलेब्यांचं ताट सांडलं, मंगलाष्टकं म्हणणारे काका एक ओळ विसरले, गोपालच्या बुटांवरून माझ्या मैत्रिणींनी गुजरातीत इतका घोळ घातला की तो बिचारा अनवाणीच हसत उभा राहिला. त्याला गुजराती येत नव्हती, पण हसायला येत होतं. हे मी मनात टिपून ठेवलं.

उन्हं कलली तशी वऱ्हाडाची मॅटाडोर गल्लीच्या तोंडाशी लागली. मला खिडकीजवळ बसवलं. आता ती वेळ येणार होती. आमच्याकडे बाप पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, दिल्या घरी सुखी राहा. ऐकायला गोड वाक्य आहे. मला मात्र त्यात दार लावून घेतल्याचा आवाज यायचा. मी विचारलेल्या प्रश्नाला बाबांनी अजून उत्तर दिलं नव्हतं आणि आता गाडी सुटणार होती. आई रडत होती, मी रडत होते, पण माझं अर्धं लक्ष बाबांच्या तोंडाकडे होतं.

पार्वतीआत्या आपली पिशवी घेऊन मॅटाडोरच्या पायरीशी आली. फाट्यापर्यंत ती आमच्याबरोबरच येणार होती. तिनं एक पाय वर ठेवला. बाबा गर्दीतून पुढे आले. ते माझ्याकडे येतायत असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. त्यांनी आत्याच्या हातातली पिशवी घेतली.

"पार्वती, तू आज जाऊ नको," ते म्हणाले. "आठेच ऱ्हाय. तुले वाटी तितला दिन ऱ्हाय."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. आता या वयात काय राहायचं, घरी म्हशीचं कोण बघेल, असं काहीतरी ती पुटपुटली. पण बाबांनी पिशवी परत दिली नाही. आई रडायची थांबली, पुढे झाली, आत्याचा दंड धरला आणि तिला पायरीवरून खाली घेतलं. आत्यानं ओढून घेतलं नाही. इतक्या वर्षांनी ती माहेरी मुक्कामाला राहणार होती, आणि ते माहेर गावात नव्हतं, लिंबायतच्या चाळीत, एका खोलीत होतं.

मग बाबा पिशवी काखेत धरून माझ्या खिडकीशी आले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती. त्यांनी आत हात घालून माझ्या डोक्यावर, फडकीवर ठेवला. मी वाट बघत होते. सुखी राहा वगैरे ते काहीच म्हणाले नाहीत.

"ऐकं ना, चंचल, आत्याले काय म्हनं ते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ऐकलं बाबा.